पाण्याखालचा पहिला धडा : श्वास रोखू नका!

विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याचा एक नियम पक्का ठाऊक असतो. पाण्याखाली जायचे ते दम धरून. पाठीला भोपळा बांधून काकाने किंवा थोरल्या भावाने ढकलून दिलेले मूल पहिल्याच गटांगळीत हे शिकते आणि जन्मभर विसरत नाही. सूर मारताना, मुटका मारताना, तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येताना छातीत भरून घेतलेला श्वास हीच त्याची शिदोरी असते. हाच माणूस पुढे कधीतरी मालवण-तारकर्लीला जातो, पाठीवर हवेची टाकी चढवतो, आणि बोटीवरचा प्रशिक्षक त्याला पहिलीच गोष्ट सांगतो ती नेमकी उलटी. काहीही झाले तरी श्वास रोखू नका. फोटोच्या गडबडीत आणि लाटांच्या हेलकाव्यात हे वाक्य बहुतेकांच्या कानांवरून निघून जाते. वस्तुतः स्कूबा डायव्हिंगचे अर्धे शास्त्र त्या एका वाक्यात सामावलेले आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्रात बुडी मारणे ही आता मराठी पर्यटकाच्या दृष्टीने अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. मालवणच्या सहलीत किल्ला, सोलकढी आणि स्कूबा हे तिन्ही एकाच दिवसात उरकले जातात. परतल्यावर ‘मी स्कूबा शिकलो’ असेही सांगितले जाते. येथेच पहिली गल्लत होते. मालवणला पर्यटक जे करतात ती चाखण्यापुरती बुडी होय. तिच्यात प्रशिक्षक पाहुण्याला एक क्षणही सोडत नाही. टाकीचा झडपा, अंगातील जाकिटाची हवा, खोली, वेळ हे सारे तोच सांभाळतो. पोहता न येणाऱ्यालाही ती करता येते, आणि प्रशिक्षक जबाबदार असेल तर ती आनंददायक असते. परंतु गाडीत मागे बसून घाट पाहिला म्हणजे गाडी चालवता आली असे होत नाही. सोबत मिळालेले रंगीत प्रशस्तिपत्र हा परवाना नव्हे. खऱ्या अर्थाने स्कूबा शिकायचे तर तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम असतो, आणि तो सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

आधी श्वासाचे पाहू. समुद्रसपाटीला हवेचा जो दाब आपल्यावर असतो त्याला एक वातावरण म्हणतात. समुद्रात दर १० मीटर खोलीला आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. दाब वाढला की त्याच प्रमाणात हवेचे आकारमान कमी होते, हा रॉबर्ट बॉइलचा १६६२ चा नियम आपण शाळेत घोकलेला असतो. छातीत सहा लिटर हवा भरून विहिरीत बुडी मारणाऱ्या पोराची हवा दहा मीटरवर तीन लिटर होईल आणि वर येताच पुन्हा सहा लिटर. त्याने दम कितीही धरला तरी फुप्फुस मुळापेक्षा अधिक फुगण्याचा प्रश्नच येत नाही.

टाकी घेऊन उतरलेल्या माणसाचे गणित निराळे. एक मीटर खोलीवरही लांब नळीने वरची हवा ओढणे कठीण जाते, कारण पाण्याचा दाब छातीला फुलू देत नाही. ही अडचण सुटली ती १९४३ मध्ये, जाक-इव्ह कूस्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने आणि एमिल गान्यां या अभियंत्याने सिद्ध केलेल्या ‘ॲक्वालंग’मुळे. त्यांच्या रेग्युलेटरची करामत अशी की, पाणबुड्या ज्या खोलीवर असेल तेथील पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तो मागेल तेव्हा तोंडात येते. म्हणून दहा मीटरवरही छाती सहज फुलते आणि सहा लिटर हवा सहा लिटरच भरते. आता हाच माणूस तेथे घाबरला, विहिरीतील जुनी सवय उसळून आली, त्याने श्वास कोंडला आणि वर झेप घेतली, तर त्या सहा लिटरचे पृष्ठभागावर येईपर्यंत बारा लिटर होऊ पाहतात. फुप्फुसाला तेवढी जागा नसते. त्याचे नाजूक वायुकोश फाटतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोचू शकतात.

या इजेसाठी फार खोल जावे लागते असेही नाही. भरल्या छातीने श्वास रोखून जेमतेम सव्वा मीटर वर येणेही फुप्फुसाला इजा करण्यास पुरेसे ठरू शकते. पृष्ठभागाजवळ दाबातील बदल प्रमाणाने सर्वांत मोठा असतो, हे नवख्याला सहसा ठाऊक नसते. ‘आम्ही काय, वीस-पंचवीस फूटच तर जाणार’ हे वाक्य म्हणूनच धीर देणारे वाटले तरी शास्त्राला धरून नाही. पोहण्यात तरबेज असलेल्यांनी येथे अधिक सावध राहावे, असे माझे मत आहे. न पोहणारा प्रशिक्षकाचे निमूटपणे ऐकतो. पोहणाऱ्याला आपल्या छातीवर भरवसा असतो.

दुसरा धडा कानांचा. फुप्फुसाला त्रास होतो वर येताना, कानाला मुख्यतः खाली जाताना. कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी आहे आणि ती एका बारीक नलिकेने घशाशी जोडलेली आहे. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो आणि दुखू लागतो. उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरून, ओठ मिटून हळूच फुंकर घातल्यासारखे करायचे. घशातील हवा नलिकेतून कानात शिरते आणि दाब सारखा होतो. ही युक्ती आंतोन्यो वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. विमान उतरताना आपल्यापैकी अनेकजण ती नकळत करतातच.

मात्र ती दुखायला लागण्यापूर्वी करायची असते. पहिल्या काही फुटांतच, आणि मग दर दोन-तीन फुटांना. दुखेपर्यंत थांबलात तर नलिकेचे तोंड दाबाने मिटून जाते, आणि मग जोर लावून फुंकण्यात पडदाच नव्हे तर अंतर्कर्णही दुखावण्याचा धोका असतो. कान मोकळा होत नसेल तर प्रशिक्षकाला खूण करावी, थोडे वर यावे, पुन्हा प्रयत्न करावा. तरीही जमले नाही तर त्या दिवशीची बुडी सोडून द्यावी. सर्दी-पडसे असताना पाण्यात उतरूच नये. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरणारे महाभाग असतात, पण औषधाचा अंमल पाण्याखाली असतानाच उतरला तर वर येताना कानात किंवा कपाळाच्या पोकळीत हवा अडकून बसते. पाणबुड्याचा चष्मा नाकासकट चेहरा झाकतो, त्याचेही कारण हेच. त्याच्या आतील हवाही दाबाने आकसते आणि नाकावाटे थोडी हवा सोडून ती भरून काढावी लागते. पोहण्याचा साधा गॉगल घालून खोल गेल्यास तो डोळ्यांवर चोखणीसारखा बसतो. कानांत बोळे घालून उतरणे हाही तसाच वेडेपणा.

आता टाकीविषयीचा एक गोड गैरसमज. बातम्यांत आणि बोलण्यात तिला सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हटले जाते. तिच्यात शुद्ध प्राणवायू नसतो. आपण श्वासात घेतो तीच साधी हवा, गाळून, कोरडी करून, सुमारे २०० पट दाबाने भरलेली असते. शुद्ध प्राणवायू साधारण सहा मीटरखाली विषासारखा ठरू शकतो. त्याने झटके येतात, आणि पाण्याखाली झटका येणे म्हणजे बहुधा मृत्यूच. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या टाकीत सुमारे २२०० लिटर हवा मावते. शांत माणसाला मिनिटाला वीस लिटर लागते असे धरले तर दहा मीटरवर दाब दुप्पट असल्याने चाळीस लिटर लागेल. राखीव साठा बाजूला ठेवला तर चाळीस मिनिटे मिळतात. घाबरलेला माणूस धापा टाकून तीच हवा वीस मिनिटांत संपवतो. चांगला पाणबुड्या ओळखायचा तो स्नायूंवरून नव्हे, वर आल्यावर त्याच्या टाकीत किती हवा उरली आहे यावरून. पाण्याखाली हातपाय मारून वेगाने जाण्याला काही किंमत नाही. संथ, खोल, अखंड श्वास आणि आळसावलेल्या म्हशीची चाल, हेच येथे कौशल्य.

त्या साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तिसरा धडा त्याच्यापासून सुरू होतो. जमिनीवर हा वायू निरुपद्रवी असतो. वाढलेल्या दाबाखाली मात्र तो रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. जितके खोल आणि जितका वेळ, तितका अधिक. सावकाश वर आलात तर तो फुप्फुसांवाटे निमूटपणे निघून जातो. घाईने आलात तर सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर जे होते ते अंगात होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी नदीच्या तळाशी, दाबाखालील हवेच्या पेटाऱ्यांत काम करणाऱ्या मजुरांना १८७० च्या दशकाच्या आरंभी या विकाराने ग्रासले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः अंथरुणाला खिळला आणि पुढचे काम त्याच्या पत्नीच्या मदतीने पार पडले. या दुखण्याचे मूळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांत आहे हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ च्या ग्रंथात दाखवून दिले. पुढे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी बोकडांवर प्रयोग करून १९०८ मध्ये वर येण्याची पहिली शास्त्रीय कोष्टके प्रसिद्ध केली. आज हीच आकडेमोड मनगटावरचा संगणक करतो.

नवशिक्याने लक्षात ठेवायचे ते इतकेच : मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही, आणि पृष्ठभागापूर्वी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. सांधे दुखणे, अंगाला मुंग्या येणे, त्वचेवर चट्टे, विलक्षण थकवा, चालताना तोल जाणे ही लक्षणे बुडीनंतर काही तासांनीही दिसू शकतात. ती ‘उन्हामुळे असेल’ म्हणून झटकून टाकण्याची प्रवृत्ती फार आढळते. अशा रुग्णाला तातडीने शुद्ध प्राणवायू द्यावा लागतो आणि मग दाबकक्षात न्यावे लागते. असे कक्ष आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहेत, आणि तेही बुडीच्या किनाऱ्यापासून बहुधा दूर.

म्हणूनच शिकण्यापूर्वी भरायला दिलेला आरोग्याचा तक्ता ही औपचारिकता समजू नये. दमा, फुप्फुसाची जुनी दुखणी, हृदयविकार, अपस्मार, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया, चालू औषधे हे सारे त्यात विचारलेले असते. एकाही प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर असेल तर डॉक्टरांची लेखी संमती हवी. गर्भवतींनी स्कूबा टाळावे. पैसे भरले आहेत, मित्रमंडळी बोटीत चढली आहेत, अशा वेळी सगळीकडे ‘नाही’वर खूण करण्याचा मोह होतो. पण पाण्याखाली दम्याचा झटका आला तर तो कागद कोणाच्याच उपयोगाचा नसतो. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांनी विशेष लक्ष द्यावे. स्कूबातील मृत्यूंमध्ये हृदयाच्या तक्रारींचा वाटा मोठा असतो, आणि शार्कमुळे होणारे मृत्यू अगदी नगण्य. भीती मात्र आपल्याला शार्कचीच वाटते. आदल्या रात्रीचे मद्यपान आणि समुद्रप्रवासात झालेली उलटी, दोन्हींनी शरीरातील पाणी कमी होते; तेही नायट्रोजनच्या विकाराला पूरक ठरते.

प्रत्यक्ष अभ्यासक्रम भीतिदायक नाही. पाडी, एसएसआय यांसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे प्राथमिक प्रशिक्षण थोड्याफार फरकाने सारखेच असते. आधी पुस्तकी भाग, मग तलावात किंवा उथळ शांत पाण्यात सराव, मग समुद्रात चार बुड्या. दोनशे मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगत राहणे ही साधारण अट असते. पोहण्याला वेळेची मर्यादा नसते. चष्म्यात पाणी शिरले तर नाकाने फुंकून ते काढणे, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर पुन्हा शोधून घेणे, हवा संपल्यास जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरमधून श्वास घेत वर येणे या गोष्टी घोटून घेतल्या जातात. नवख्यांची सर्वांत त्रेधा उडते ती चष्म्यात पाणी भरण्याच्या सरावात. नाकाला पाणी लागताच माणूस घाबरतो आणि वर उसळू पाहतो. तोंडाने श्वास घेत राहून नाकाला विसरायला शिकणे हे एखाद्याला दहा मिनिटांत जमते, एखाद्याला दोन दिवस लागतात. ज्याला दोन दिवस लागतात त्याने लाज बाळगू नये. ज्याचा प्रशिक्षक त्यावरून घाई करतो त्याने प्रशिक्षक बदलावा.

मग येते ती ना बुडणे, ना तरंगणे अशी अधांतरी अवस्था. कमरेची शिशाची वजने आणि जाकिटातील हवा यांचा मेळ बसला की श्वासागणिक शरीर थोडे वर-खाली होते आणि पहिल्यांदा वजनरहित असल्याचा अनुभव येतो. तो जमेपर्यंत शिकाऊ माणूस तळावर आपटत असतो आणि त्याच्या पायांखाली प्रवाळ चिरडले जातात. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले ते याच जीवसृष्टीसाठी. प्रवाळ हा दगड नसून संथपणे वाढणाऱ्या असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत आहे. त्याला धरून फोटो काढणे, मासे जमावेत म्हणून पाव-बिस्किटे चुरणे हे प्रकार प्रशिक्षकाने सुचवले तरी नाकारावेत.

खुणांची भाषा लहान आहे, पण तिच्यात एक गंमतीदार सापळा आहे. जमिनीवर ‘झकास’ म्हणून आपण अंगठा वर करतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर जायचे आहे’ असा होतो. सारे ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ. कॅमेऱ्याकडे पाहून आनंदाने अंगठा दाखवणाऱ्या कित्येक पाहुण्यांना प्रशिक्षकाने आज्ञाधारकपणे वर आणल्याचे किस्से किनाऱ्यावर ऐकायला मिळतात.

प्राथमिक प्रमाणपत्राने १८ मीटरपर्यंत जाता येते. ही मर्यादा कागदी नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेले, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे प्रवाळपठार आहे. त्याचा माथाच पृष्ठभागाखाली सुमारे वीस मीटरवर, चोहोबाजूंना खुला समुद्र. तेथील वर्णने वाचून नवख्याला ओढ लागते, परंतु ती जागा अनुभवी पाणबुड्यांची. तीस मीटरच्या पुढे तर नायट्रोजन मेंदूवर मद्यासारखा अंमल करू लागतो आणि माणसाला आपण किती शहाणे आहोत असे वाटू लागते. शिकण्यासाठी उथळ आणि नितळ पाणी उत्तम. कर्ली नदी ज्या समुद्राला मिळते त्या तारकर्लीच्या परिसरात पाणी दरवेळी आरशासारखे मिळेल अशी अपेक्षा करू नये. पावसाळ्यात तर हा व्यवसाय बंदच असतो. हिवाळ्यातील शांत दिवस गाठावा. मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट, अंदमानातील स्वराज द्वीप, लक्षद्वीप हे पर्याय आहेत, पण पहिले प्रमाणपत्र मालवणीत समजावून सांगणाऱ्याकडून घेण्यात एक फायदा आहे : शंका आपल्या भाषेत विचारता येतात.

केंद्र निवडताना दर विचारण्यापूर्वी दुसरेच प्रश्न विचारावेत. एका प्रशिक्षकामागे किती जण? बोटीवर प्राणवायूची पेटी आहे का, आणि ती उघडून दाखवाल का? टाकीवर चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती कोणती? हवा भरणारा कॉम्प्रेसर कोठे ठेवला आहे? त्याच्या हवा ओढणाऱ्या तोंडाशी डिझेल इंजिनाचा धूर येत असेल तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड जाऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. तोंडात घेतलेल्या हवेला तेलकट चव असेल तर ती टाकी परत करावी. या प्रश्नांनी चिडणारा माणूस आपले उत्तर देऊन मोकळा झालेला असतो. लाटा पाहून ‘आज नको’ म्हणणारा प्रशिक्षक मात्र जपून ठेवावा, त्याने आपली सुट्टी वाया घालवली असे वाटले तरी.

राहिला परतीचा प्रवास. बुडीनंतर अंगात उरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. म्हणून एकाच बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. शेवटच्या दिवशी सकाळी बुडी आणि संध्याकाळी मोपाहून विमान, असे वेळापत्रक आखू नये. गाडीने जाणाऱ्यांचीही यातून पूर्ण सुटका नाही. हा संकेत सुमारे सहाशे मीटरपेक्षा अधिक उंचीला लागू धरला जातो, आणि आंबोली साधारण सातशे मीटरवर आहे. पर्यटकांच्या एखाद्या उथळ बुडीने फारसे बिघडत नाही. पण अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दोन बुड्या १८ मीटरवर करून ओल्या केसांनीच घाट चढायला लागणे बरे नव्हे. गुरुवार ते शनिवार बुड्या आटोपाव्यात, रविवारची सकाळ किल्ल्यासाठी आणि बाजारासाठी ठेवावी, दुपारी निवांत जेवून मग सावंतवाडीच्या रस्त्याला लागावे.